लिटरमागची अश्वशक्ती आणि चोर्ल्याचा चढ

जपानी, युरोपीय आणि अमेरिकी इंजिनांची तुलना निघाली की इंजिनाच्या दर लिटर आकारमानामागे अश्वशक्ती किती, हा आकडा आधी पुढे केला जातो आणि त्यावरून अमेरिकी इंजिन मागासलेले ठरवून विषय मिटवला जातो. मला हा निकष अपुरा वाटतो, कारण त्याला एवढे महत्त्व आले ते बव्हंशी करांमुळे.

जपानमध्ये वाहनकर इंजिनाच्या क्षमतेनुसार, म्हणजे सिलिंडरांच्या एकूण आकारमानानुसार, टप्प्याटप्प्याने चढतो. साहजिकच क्षमता तेवढीच ठेवून शक्ती वाढवण्याकडे तिथल्या अभियंत्यांनी आपली बुद्धी लावली. होंडाने 1989 मध्ये इंटेग्रात बसवलेले 1.6 लिटरचे व्हीटेक इंजिन टर्बोशिवाय, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या पंख्याशिवाय, 160 अश्वशक्ती देत असे. त्यात प्रत्येक सिलिंडरच्या, हवा आत घेणाऱ्या दोन इनटेक व्हॉल्व्हसाठी तीन कॅम (फिरणारे उंचवटे) आणि त्यांनी हलणारे तीन रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) असतात. कमी आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) कडेचे दोन रॉकर व्हॉल्व्ह चालवतात आणि मधला नुसताच हलत राहतो. आरपीएम वाढला की ऑइलच्या दाबाने आतल्या पिना सरकून तिन्ही रॉकर एकमेकांत अडकतात, आणि मधल्या उंच कॅममुळे व्हॉल्व्ह जास्त उघडतात व जास्त वेळ उघडे राहतात. इतकी देखणी यांत्रिक रचना क्वचितच पाहायला मिळते.

अमेरिकेत पेट्रोल स्वस्त होते आणि क्षमतेवर असा करही नव्हता. त्यामुळे शेव्हर्लेने 1955 च्या स्मॉल ब्लॉक व्ही8 मधील पुशरॉडची, म्हणजे खालच्या कॅमने दांड्यांमार्फत वरचे व्हॉल्व्ह उघडण्याची, पद्धत 1997 च्या कॉर्व्हेटमध्येही सोडली नाही. त्या 5.7 लिटरच्या एलएस1 इंजिनाची शक्ती 345 अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे जेमतेम 60. मात्र एकच कॅमशाफ्ट (कॅमचा दांडा) खालच्या ब्लॉकमध्ये असल्याने वरचे हेड लहान राहतात, इंजिन बुटके होते आणि बॉनेट खाली ठेवता येते. इंजिनाचा बाहेरचा आकार आणि वजन मोजले, तर ही रचना मुळीच मागासलेली ठरत नाही.

युरोपने डिझेल सुधारले. 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 मधून कॉमन रेल डिझेल (एकाच उच्चदाब नळीतून सर्व सिलिंडरांना इंधन देणारे) प्रवासी गाडीत आले, आणि पुढे फियाटचे 1248 सीसीचे मल्टीजेट आपल्याकडे स्विफ्टमध्येही बसले. त्याची शक्ती 75 अश्वशक्ती, पण 190 न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) 2000 आरपीएमलाच मिळतो. गोव्यातल्या साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना, गाडीत चार माणसे आणि एसी चालू असताना, याचा अर्थ नेमका कळतो. 2000 च्या खाली हे इंजिन सुस्त असते, म्हणून वळणावर दुसरा गियर टाकावाच लागतो. एकदा टर्बो भरला की मात्र ते चढ सहज ओढते. होंडा सिटीचे 1.5 लिटर पेट्रोल इंजिन कागदावर कितीतरी बलवान आहे, पण त्याची पूर्ण शक्ती 6600 आरपीएमला मिळते, आणि पावसाळ्यात धुक्यातल्या त्या वळणांवर तिथवर कोण जातो?

फोक्सवॅगनच्या 999 सीसीच्या टर्बो पेट्रोल इंजिनाने कमी आरपीएमवरचे पेट्रोल आणि डिझेलमधले हे अंतर बरेच कमी केले आहे. ते 115 अश्वशक्ती देते आणि 178 न्यूटन मीटर टॉर्क 1750 आरपीएमपासून पुरवते. गोव्यात राहून घाट नेहमी चढणाऱ्याला आज मी हेच इंजिन सुचवेन, आणि तेही लिटरमागच्या अश्वशक्तीसाठी नव्हे, तर त्या 1750 साठी.