दिरहमचा हिशेब, कोथरूडच्या ओट्यावर
धाकटा भाऊ दुबईहून कोथरूडला आला, की आई आधी गरम पोळी वाढते आणि मग शिल्लक विचारते. या वेळी त्याने वहीच उघडली. घरभाड्याचे चारही चेक, पुढच्या तारखा घालून, करार करतानाच द्यावे लागले. शिवाय वार्षिक भाड्याच्या ५ टक्के गृहशुल्क वीज-पाण्याच्या बिलातून हप्त्याहप्त्याने जाते आणि जानेवारी २०१८ पासून खरेदीवर ५ टक्के मूल्यवर्धित करही आहे. दिरहम डॉलरशी एका डॉलरला ३.६७२५ दिरहम या ठरावीक दराने बांधलेला असल्यामुळे डॉलरपुढे रुपया घसरला, की तेवढ्याच दिरहमचे जास्त रुपये होतात आणि शेजारी त्याचे अभिनंदन करतात (शेजाऱ्यांचे अर्थशास्त्र तेवढेच). भाडे मात्र दिरहममध्येच वाढते, हे त्यांच्या गावीही नसते. मुलीच्या शाळेच्या फीचे पान त्याने आईसमोर उलटलेच नाही.