घरघर की खरखर

मे महिन्यात नागपुरात एसी बंद ठेवून गाडी चालवणं म्हणजे भट्टीला चाकं लावून फिरणं. त्यामुळे आमच्या अकरा वर्षांच्या गाडीतून आवाज यायला लागला, तेव्हा पहिले आठ दिवस मी फक्त रेडिओ मोठा केला.

नवव्या दिवशी मागच्या सीटवरून आई म्हणाली, "गाडी काहीतरी म्हणतेय गं."

"घरघरतेय."

"घरघर म्हणू नये. ती माणसाला शेवटी लागते. खरखर म्हण."

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने बोनेट उघडलं, आणि कान न लावताच सांगितलं, "एसीचा कंप्रेसर गेला मॅडम, नवाच टाकावा लागेल." आकडा ऐकून माझाच आवाज गेला. पैसे नाहीत म्हणून नव्हे, पण एवढ्या घाईचं निदान पचेना. मग गेले जुन्या मेकॅनिककाकांकडे.

त्यांनी बोनेटला हातही लावला नाही. आधी विचारलं, "ताई, आवाज कसा येते?"

डॉक्टर नाही का विचारत, ठणकतंय की टोचतंय, तसंच. काकांकडे आवाजांचं अख्खं व्याकरण होतं. एसी लावल्याबरोबर चीं झालं तर पट्टा घसरतोय. टक् झालं तर तो कंप्रेसरचा क्लच, आणि तो वाजायलाच पाहिजे. एसी चालू असतानाच आतून खडखड आली तर मात्र खिशाकडे बघायचं. मी भीतभीत सांगितलं, "घरघर. ॲक्सिलरेटर दाबला की वाढते."

"बंद करा न एसी."

केला. टक् झालं, घरघर तशीच. माझा चेहरा पडला आणि काका खुलले!

कारण असं, की एसी बंद असला तरी कंप्रेसरची पुली फिरतच असते. इंजिनावरचा पट्टा तिला स्वस्थ बसू देत नाही. एसी लावला की क्लचच्या कॉइलमध्ये वीज जाते, तिचं चुंबक होतं, पुढची तबकडी टक् करून पुलीला चिकटते, आणि तेव्हा कुठे कंप्रेसरचा दांडा फिरायला लागतो. म्हणजे एसी बंद असतानाही रडणारा आतला नव्हे, बाहेरचा कोणीतरी. सर्व्हिस सेंटरमध्ये एक बटण दाबलं असतं तरी एवढं कळलं असतं.

पण बाहेर भावंडं पुष्कळ. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचं बेअरिंग, पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीचं बेअरिंग. काकांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, फिरत्या पट्ट्यापासून जपून त्याचं टोक एकेका भागाला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबली. डोळे मिटलेले. कंप्रेसरपाशी भुवया वर गेल्या. मग इंजिन बंद, पट्टा खाली.

"फिरवून पाहा ताई."

पुली हाताने फिरवली. दळता दळता जात्यात खडा यावा तसं तळहाताला लागलं. आतलं ग्रीस वाळून गेलं होतं.

"गॅसही संपला असेल का हो?" मी उगाच.

"गॅस का पेट्रोल आहे संपाले? बंद नळ्यांतून फिरते तो. कमी झाला म्हणजे लीक झाला." मग नळ्यांच्या जोडांवरून बोट फिरवून दाखवलं. गॅससोबत कंप्रेसरचं तेलही फिरतं, त्यामुळे जिथून गळतं तिथे तेलकट धूळ चिकटते. बोट कोरडंच निघालं. गॅस नुसता भरून घेणाऱ्यांवर त्यांचा राग दिसला. गॅस कमी पडला की तेल नीट परतत नाही आणि कंप्रेसर खरोखर मरतो तो त्यानेच, म्हणाले.

गॅसच्या नळ्यांना हात न लावता फक्त पुलीचं बेअरिंग बदललं. जुनं मी रुमालात गुंडाळून घरी आणलं.

आईने ते बोटात धरून कानाशी नेलं, फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"घरघरच होती," ती म्हणाली.