थरारकथेचा चौथा महिना: शर्वरी विचारत का नाही

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं तेव्हा कादंबरी नवव्या प्रकरणाशी अडली होती. काल रात्री चौदावं संपलं. एकूण अडतीस हजार शब्द झालेत. मधले दोन आठवडे मात्र पुढे सरकलेच नाही, कारण सहावं आणि सातवं प्रकरण काढून टाकून नव्याने लिहिलं. आज त्याबद्दलच सांगायचंय.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: ठाण्यात कोलशेत रोडवरचा टू बीएचके, शर्वरी आणि अमोल, लग्नाला बारा वर्षं, सोबत सासूबाई. साल २०२३. अमोलचं ऑफिस नवी मुंबईत, ऐरोलीला. सासरे लग्नाआधीच गेले, असं शर्वरीला सांगितलेलं.

पहिल्या खर्ड्यात अमोलचं गुपित म्हणजे दुसरी बाई होती, आणि ते शर्वरीला पँटच्या खिशातल्या पावतीवरून कळायचं. बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अगं, बारा वर्षं संसार केलेली बाई खिसे तपासूनच कपडे मशीनला टाकते, आणि नवऱ्याला ते माहीत असतं." पावती तिथल्या तिथे गेली.

मग आठवली आमच्या सोसायटीची डीम्ड कन्व्हेयन्सची, म्हणजे बिल्डरने करून न दिलेली जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून घेण्याची धावपळ. प्रत्येक सभासदाच्या फ्लॅटची इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, गोळा करताना घराघरांतल्या फायली बाहेर आल्या होत्या. शर्वरीही तशीच फाईल काढते आणि तिला एक नाही, दोन इंडेक्स टू सापडतात. दुसरी भाडेकराराची, घणसोलीतल्या एका खोलीची. आपल्याकडे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी त्याची नोंदणी करावीच लागते, म्हणजे अमोलने कितीही जपलं तरी कागद उरणारच होता. 'दस्तऐवज करून घेणाऱ्या पक्षकाराचे नाव' या रकान्यात अमोल, त्याचं वय, आणि खाली पत्ता: इमारतीचं नाव, माळा, ब्लॉक नंबर, पिन कोड. तिचा स्वतःचा पत्ता. ती तो दोनदा वाचते आणि कागद होता तसा, त्याच घडीवर घालून ठेवते.

त्याच कागदाने मला आणखी एक गोष्ट दिली. भाडेकराराला दोन साक्षीदार लागतात. म्हणजे अमोलचं गुपित त्याच्या एकट्याचं असूच शकत नाही, आणखी दोघांना ते ठाऊक आहे. त्यातला एक शर्वरीचा सख्खा भाऊ. आणि या भावाला तिने अमोलच्या नकळत एफडी मोडून चार लाख दिलेत. आता ती अमोलला विचारणार कसं? भावाचं नाव निघालं की तिचेही चार लाख बाहेर येतील. इतके दिवस मला हाच प्रश्न छळत होता, की ही बाई सरळ विचारत का नाही. 'भांडण नको म्हणून' हे उत्तर वाचक एक प्रकरणभर मानेल, पुढे नाही. गप्प राहण्यात तिचंही काही अडकलेलं हवं होतं.

ती दुसरी बाई मी गोष्टीतून पूर्ण काढून टाकली. घणसोलीच्या खोलीत सासरे आहेत, जिवंत. मग सासूबाईंचा एक प्रसंग पहिल्याच प्रकरणात पेरला. वटपौर्णिमेला शर्वरी वडाला जाऊन येते आणि सासूबाई दिवसभर जेवत नाहीत. "पोट जरा ठीक नाही गं." दरवर्षी त्याच दिवशी. शर्वरी बारा वर्षं हे पाहतेय. हा प्रसंग लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला.

संवादातलं एक सांगते. शर्वरी अमोलला एकांतात 'अरे' म्हणते आणि सासूबाईंसमोर 'अहो'. कागद सापडतो त्या रात्री सासूबाई झोपल्यात, स्वयंपाकघरात दोघंच आहेत, आणि ती म्हणते, "अहो, वाढू का?" अमोलचा हात ताटाकडे जाता जाता थांबतो. तो मागे वळून दाराकडे बघतो. आई उठली की काय? दारात कुणी नसतं. त्या पानावर याहून जास्त काही लिहिलेलं नाही.

एक ढोबळ चूक आमच्या मजल्यावरच्या काकांनी पकडली. ते वर्षानुवर्षं ट्रान्स-हार्बरने, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलने जातात. मी अमोलची गाडी दिघा गावला थांबवली होती. ते स्थानक सुरू झालं जानेवारी २०२४ मध्ये, माझी गोष्ट त्याआधीच्या पावसाळ्यातली. ओळ खोडणार होते, पण काका म्हणाले, "तेव्हा स्टेशन बांधून तयार होतं, गाडी थांबायची नाही एवढंच." आता शर्वरी पहिल्यांदा घणसोलीला निघते तेव्हा गाडी ठाणं सोडते आणि ते तयार, रिकामं फलाट खिडकीतून सरकून जातं. काकांचे किती आभार मानू!

पंधराव्यात ती ऐरोली सोडून पुढे जाते. रबाळे, मग घणसोली. फलाटापासून त्या खोलीच्या दारापर्यंत तिला किती वेळ लागेल ते मला नीट ठाऊक हवं, त्या वेळात तिला दोनदा परत फिरावंसं वाटणार आहे. रविवारी स्वतः जाऊन चालून बघते. कुणी त्या बाजूला राहत असेल तर सांगा, पावसात स्टेशनबाहेर पाणी कुठे साचतं?