घरभेट: दोघंच जा, अर्धा तास बसा

चर्चच्या मंडळीत एखाद्या गटाची जबाबदारी अंगावर आली की पहिला मोह होतो तो सभा घ्यायचा. आम्हीही आधी दौरेच काढायचो: सहा माणसं, एक पेटी, एका संध्याकाळी चार घरं. त्यात घरची बाई पोह्यांच्या गडबडीत अडकते आणि तिला जे सांगायचं असतं ते तसंच राहतं. आता दोघंच जातो, एक बोलणारा आणि एक शिकणारा. घरी बाईमाणूस एकटी असेल तर जोडीत बाई हवीच. एका जोडीकडे आठ घरं. आठवड्याला दोन भेटी धरल्या की महिन्यात फेरी पुरी होते.

आधी फोन करावा, पण रविवारी उपासनेला न आल्याचा विषय काढू नये. भेटीची हजेरी होऊन जाते. आत गेल्यावर ‘सलाम’ म्हणून खुर्ची पलंगाजवळ ओढावी. पलंगावर बसू नये. चहा अर्धा कप का होईना, घ्यावाच.

आंधळ्या बार्तीमयाला काय हवं ते उघड दिसत होतं, तरी येशूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं? (मार्क १०:५१) आमच्या बहुतेक चुका हे न विचारल्याने झाल्या. किडनीच्या पेशंटकडे हौसेने शहाळी-केळी नेली जातात. दोन्हींत पोटॅशियम भरपूर, म्हणजे डॉक्टरांनी बहुधा तेच बंद केलेलं. विचारलं तर उत्तर साधं येतं. नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवरून काढून द्या. डायलिसिसच्या वेळी कुणी चार तास थांबा, म्हणजे हिला बँकेत जाता येईल.

बायबलचं वचन शेवटी, तेही विचारून. स्तोत्र १२१ पुरतं, आठच वचनं. ११९ काढणारे उत्साही लोक असतात; त्यात १७६ आहेत! प्रार्थनेत त्या माणसाचं नाव आणि त्याने सांगितलेली एकच गोष्ट घ्यावी. ‘प्रभू, ह्याची दारू सोडव’ हे देवाला सांगणं नसतं, समोरच्याला सुनावणं असतं.

सर्वांत जास्त नुकसान करते ती ‘प्रार्थना विनंती’. मुलीचं सासरी बिनसलंय हे हळू आवाजात सांगितलेलं, रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कृपया प्रार्थना करा’ म्हणून पोचतं. ते घर पुन्हा तोंड उघडत नाही. म्हणून वहीत तारीख, कबूल केलेलं काम आणि ते कधी झालं एवढंच लिहितो. दुखणं लिहीत नाही. पैसे लागले तर खजिनदारांमार्फत, बंद पाकिटात. भेटीला जाणाऱ्याने स्वतः दिले की पुढच्या वेळी तो घरात शिरताच लोक ओशाळतात.

चौथ्या भेटीत शिकणारा बोलतो, आम्ही गप्प बसतो. पाचव्या भेटीला तो नवा जोडीदार घेऊन जातो आणि आम्ही घरीच राहतो. हे फार जड जातं, कारण दार उघडताच आजी त्याला पहिलं विचारतात, “अन् दादा नाही आले?”