समुद्राकडे निघण्याआधी तिथी बघा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडच्या आमच्या गावात कुणाचंही कोकणात जायचं ठरलं की प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, सारी माणसं घेऊन गाडीनं एका दिवसात समुद्रकिनारा पाहाचा तं काय काय पाहावं?" ठिकाणांची यादी मी नंतर देतो. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायला लावतो.

किनाऱ्यावरच्या माणसांचा एक साधा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तृतीया असेल तर तीनाचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास पाणी पूर्ण चढतं. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण-एक तासानं पुढे सरकतं. हिशेब ठोकळ आहे, थोडं मागेपुढे होतं, पण दिवस आखायला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच मागे जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती येते, तिला जोर कमी. पेरणीला नक्षत्र आणि चतुर्थीला चंद्रोदय बघणाऱ्या आपल्या माणसांना हे पटकन समजतं.

आम्ही निघालो ते कार्तिक पौर्णिमेनंतर. हरभरा पेरून झाला होता, कापसाची पहिली वेचणी घरात आली होती. इथून गणपतीपुळे आठशेहून जास्त किलोमीटर. कोल्हापूरला मुक्काम केला, आंबा घाट उतरलो आणि किनाऱ्याचा दिवस वद्य तृतीयेला धरला.

सकाळी ओहोटी होती, म्हणून पहिला वेळ गणपतीपुळ्याच्या वाळूला दिला. इथे डोंगरालाच गणपतीचं रूप मानतात आणि प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला घालतात. आजीला तेवढं चालणं होत नव्हतं, ती ओल्या वाळूवर बसून राहिली. आमचा पट्टा खारपाणाचा. पूर्णाकाठच्या विहिरींचं पाणी ना पिता येतं, ना वावराला देता येतं. खाऱ्या पाण्याशी तिची ओळख आयुष्यभराची, आणि ती सगळी नाराजीची. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं नि म्हणाली, "आपल्या हिरीहून लय खारं हाय बाप्पा." पण उठायचं नाव घेईना. आपल्या शिवारात खारं पाणी म्हणजे अडलेलं पीक. तिथे त्याच खाऱ्या पाण्यावर जाळी टाकून माणसं पोट भरत होती, आणि ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिला उठवायची घाई मी कुणाला करू दिली नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाता तेव्हा एक ठिकाण कमी बघा, पण त्यांना मन भरेपर्यंत बसू द्या.

पोरांच्या बाबतीत मात्र मी कडक असतो. विहिरीत सूर मारणाऱ्या पोराला वाटतं, आपल्याला पोहता येतं. विहिरीचं पाणी ओढत नाही, समुद्राचं ओढतं. गणपतीपुळ्याला तर खोली एकदम वाढते, तिथे माणसं बुडाली आहेत. घोट्याएवढ्या पाण्याच्या पुढे नाही. स्थानिक माणसानं हटकलं तर वाद न घालता मागे फिरायचं.

तिथून जवळच मालगुंड. 1866 साली केशवसुत जन्मले ते हे गाव, तिथे त्यांचं स्मारक आहे. सोबत शाळेत जाणारी पोरं असतील तर थांबाच. पुढे जयगड, गणपतीपुळ्यापासून वीसेक किलोमीटर. किल्ल्यावरून शास्त्री नदी समुद्राला मिळताना दिसते. खाली धक्क्यावरून गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडे तवसाळला उतरायचं. आपली गाडी पाण्यावरून चाललेली बघून मामी हात जोडूनच उभ्या होत्या. बोटीच्या वेळा मात्र आदल्या दिवशी विचारून ठेवा, कारण पुढचा सगळा दिवस तिच्यावर अवलंबून आहे.

एवढा हिशेब कशासाठी, तर तवसाळच्या पुढे हेदवी गावात असलेल्या बामणघळीसाठी. किनाऱ्यावरच्या काळ्या खडकात एक अरुंद चीर आहे. भरतीची लाट तिच्यात शिरते, आत कोंडते आणि मोठा आवाज करत उंच उसळते. ओहोटीला याल तर नुसती भेग दिसेल आणि एवढ्यासाठी आलो का, असं वाटेल. आम्ही दोनच्या आधी पोचलो. शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही, म्हणून सगळ्यांना लांब, कोरड्या जागी उभं केलं. पाणी उसळलं की सगळे एकदम ओरडायचे, आणि पुढच्या लाटेची वाट बघत गप्प व्हायचे. गावातल्या पंगतीतही ज्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता, त्या काकू तिथे सगळ्यांत मोठ्यानं हसत होत्या. माझ्यासाठी ही अख्खी सहल तेवढ्यासाठी सार्थकी लागली.

नंतर दशभुजा गणेशाचं दर्शन, वेळणेश्वर आणि सूर्यास्ताला गुहागर. जेवणाचं म्हणाल तर भात आणि सोलकढी सगळ्यांना मानवली, तरी ज्वारीची भाकर आणि ठेचा सोबत असू द्या, दुसऱ्या दिवशी त्याची आठवण येतेच.

रस्त्याचंही लक्षात ठेवा. आपल्याकडे सपाटीवर चाळीस किलोमीटर म्हणजे पाऊण तास. तिथे वळणं, चढउतार आणि समोरून आलेल्या एसटीला वाट देताना दुप्पट वेळ धरा. गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा. गुहागरहून परतताना चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड असं या, म्हणजे गेलेल्या वाटेनंच यावं लागत नाही.

सुट्टी मागाल तेव्हा अमावास्या किंवा पौर्णिमेपासून चतुर्थीपर्यंतचे दिवस मागा. भरती दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान येते आणि हेदवी नीट साधते. तुमचं अष्टमीलाच जमत असेल तर दुपारी तिथे ओहोटी असेल. मग बामणघळ सोडा, आणि तो वेळ वेळणेश्वरच्या वाळूत बसायला द्या.