हातातून सुटलेला दोरा

सांगलीतल्या आमच्या महाविद्यालयात तृतीय वर्षाला न्यूट्रिनो, म्हणजे द्रव्यातून जवळजवळ न अडता जाणारे अतिसूक्ष्म कण, शिकवताना मी बरीच वर्षे एकच प्रयोग दाखवत आलो. आडव्या दोरीला समान लांबीचे दोन लंबक टांगायचे, एकाला झोका द्यायचा आणि तो झोका दुसऱ्याकडे जाऊन परत कसा येतो ते दाखवायचे. इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ या तीन प्रकारांमध्ये, म्हणजे फ्लेवरांमध्ये, न्यूट्रिनोची अशीच ये-जा चालते, एवढे सांगितले की तास संपत असे.

त्या दिवशी मिरजेहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण तारा फुटतो तेव्हा न्यूट्रिनो दाट द्रव्यातून बाहेर येतो. मग त्या द्रव्याचा काहीच परिणाम होत नाही का?"

परिणाम होतो, आणि तोच मी नेहमी गाळत असे. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो जणू अधिक जड होतो, हे भौतिकशास्त्रज्ञ वोल्फेनस्टाइन यांनी 1978 साली मांडले, आणि घनता उतरत जाताना एका टप्प्यावर दोन फ्लेवर बरोबरीला येऊन पूर्ण बदल घडू शकतो, हे मिखेयेव आणि स्मिर्नोव यांनी 1985 च्या सुमारास दाखवले. फळ्यावर हे समीकरणांत अडकते. म्हणून प्रयोगशाळेतल्या मामांकडून बुचाला भोक पाडून घेतले, पहिल्या लंबकाचा दोरा त्यातून ओवला आणि त्याची लांबी 60 सेंटीमीटर ठेवली. दुसरा लंबक 80 सेंटीमीटरचा होता. आखूड लंबक म्हणजे ताऱ्याच्या गर्भातला इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो. त्याला झोका देऊन तिने दोरा अगदी सावकाश सोडत नेला, म्हणजेच घनता उतरवत नेली. लांबी 80 च्या पुढे गेली तसा पहिल्या लंबकाचा पितळी गोळा मंदावत गेला, दुसरा भरात आला, आणि लांबी 100 झाली तरी झोका परत फिरला नाही. ये-जा नव्हे, एकदाच झालेले हस्तांतर! न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम सामान्य असेल, म्हणजे तीन वस्तुमानांपैकी दोन हलकी आणि तिसरे जड असेल, तर गर्भातल्या इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोंपैकी जेमतेम 2 टक्के त्याच रूपात बाहेर पडतील.

दुसऱ्या खेपेला, लांबी 70 च्या आसपास असताना, दोरा तिच्या हातातून सुटला. टोकाला गाठ होती म्हणून गोळा टेबलावर आदळला नाही, पण हिसका बसला आणि पहिलाच लंबक झुलत राहिला. ती ओशाळून "सॉरी सर" म्हणाली. मी मात्र थांबून पाहत होतो, कारण अतिनवताऱ्यातली, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यातली, बाहेर धावणारी आघातलाट नेमके हेच करते. घनता हळूहळू न उतरता एकदम कोसळली, तर न्यूट्रिनोला बदलायला अवकाश मिळत नाही आणि तो जुनाच फ्लेवर घेऊन निघतो. त्यामुळे जिथे फ्लेवर बदलतो त्या थरातून लाट जात असताना पृथ्वीवर येणाऱ्या फ्लेवरांचे प्रमाण सेकंदागणिक बदलताना दिसायला हवे. ही तुलना मला आधी सुचली नव्हती, हे मी वर्गाला सांगून टाकले.

"मग 1987 साली ते दिसलं का, सर?"

नाही. 23 फेब्रुवारी 1987 रोजी मोठ्या मॅगेलन मेघ या शेजारच्या दीर्घिकेत फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या काही तास आधी पोचले खरे, पण तीन ठिकाणच्या उपकरणांनी मिळून टिपले सुमारे दोन डझन, आणि तेही बहुतेक इलेक्ट्रॉन-प्रतिन्यूट्रिनो, म्हणजे इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोचे प्रतिकण. तेवढ्यावरून लाटेची खूण कशी काढणार?

तिचा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता: गर्भाजवळ न्यूट्रिनोंचीच इतकी गर्दी असते, तर ते एकमेकांनाच माध्यम ठरत नाहीत का? ठरतात, आणि तो हिशेब अजून पुरता सुटलेला नाही. त्यासाठी प्रत्येक लंबकाची लांबी शेजारच्यांच्या झोक्यावरून ठरायला हवी, आणि तशी मांडणी आमच्या टेबलावर होणार नाही, असे सांगून मी खडू उचलला.