स्कॅन झाला, धूळ राहिली

बाबांनी काढलेले कृष्णधवल रोल स्कॅन करायला घेतले, तेव्हा वाटलं होतं, काम काय ते स्कॅनरच करणार. पहिली फ्रेम ४००० डीपीआयला, म्हणजे इंचाला ४००० बिंदू इतक्या बारकाईने घेतली, पडद्यावर १०० टक्के मोठी करून पाहिली, तर आईच्या चेहऱ्यावर पीठ भुरभुरल्यासारखं! निगेटिव्हवरची धूळ प्रकाश अडवते, त्यामुळे पॉझिटिव्हमध्ये, म्हणजे सुलट केलेल्या चित्रात, तिचे पांढरे ठिपके होतात.

स्कॅनरमध्ये धूळ काढायची इन्फ्रारेडची सोय होती. ती चालू केली तर केसांच्या कडांचा पार चिखल झाला. रंगीत फिल्ममधली रंगद्रव्यं इन्फ्रारेड किरण जाऊ देतात, म्हणून तिथे धूळ तेवढी वेगळी दिसते. कृष्णधवल फिल्ममध्ये ज्या चांदीच्या कणांनी चित्र बनतं, ती चांदी मात्र ते किरणही अडवते, त्यामुळे स्कॅनरला बिचाऱ्याला अर्धं चित्रच धूळ वाटतं. मग फोटोशॉपचा डस्ट अँड स्क्रॅचेस फिल्टर अख्ख्या फोटोवर फिरवला. ठिपके गेले, ग्रेन म्हणजे फिल्मचा बारीक कणीदारपणाही गेला आणि आई प्लास्टिकची दिसायला लागली.

शेवटी निगेटिव्ह बाहेर काढून ब्लोअरने हवा मारली आणि पुन्हा स्कॅन केलं. निम्मे ठिपके तिथेच गेले. हे आधी सुचायला हवं होतं!

उरलेले हाताने. मूळ फोटोला धक्का न लावता वर रिकामा लेयर (पारदर्शक थर) घेतला आणि डाग आजूबाजूच्या भागात मिसळवून टाकणारा हीलिंग ब्रश ठिपक्यापेक्षा जेमतेम मोठा ठेवून एका कोपऱ्यापासून पट्ट्यापट्ट्याने निघालो. आकाश सोपं गेलं. घाम काढला तो एका काळ्या ओरखड्याने. तिथे इमल्शनच, म्हणजे फिल्मवरचा चांदीचा थरच, खरवडलं गेलं होतं. चांदी नाही म्हणजे प्रकाश आरपार, म्हणून पॉझिटिव्हमध्ये रेघ काळी. ती गॅलरीच्या कठड्यावरून तिरपी गेलेली, आणि हीलिंग ब्रश गजाच्या कडेला लागला की करडा डाग पडायचा. तेवढ्या भागात एका जागेची हुबेहूब नक्कल दुसरीकडे उमटवणारा क्लोन स्टॅम्प घेतला, शेजारच्या गजावरून नमुना उचलून इंच इंच लढवत गेलो.

हात बसला तसा वेगही आला, आणि तिथेच फसलो. फोटो लहान करून पाहिला तर आईचा डावा डोळा विझल्यासारखा. बुबुळातली चमक मी धूळ समजून पुसली होती! लेयर वेगळा होता म्हणून वाचलो. तेवढाच भाग खोडला आणि चमक परत आली. आता चेहऱ्यावरचा कुठलाही पांढरा ठिपका पुसण्याआधी पट्टीवरची पुढची फ्रेम उघडून बघतो. तिथेही तो त्याच जागी असेल, तर त्याला हात लावत नाही.

एका फ्रेमला दोन तास लागले. या रोलच्या अजून ३५ बाकी आहेत.